इमल्शन पॉलिमरायझेशन: कणांचा आकार आणि रेणुभार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंग, गोंद आणि कापडछपाईच्या बाइंडरसाठी इमल्शन बनवणाऱ्या कारखान्यांत नवी मुले लागतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. प्रश्न त्यांचे, उत्तरे रिअ‍ॅक्टरच्या काचेतून आत डोकावण्यात बरीच वर्षे घालवलेल्या माणसाची. बहुतेक उत्तरे अ‍ॅक्रिलिक, स्टायरीन-अ‍ॅक्रिलिक आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेटला धरून आहेत. पीव्हीसी आणि पॉलिप्रॉपिलिन शेवटाकडे थोडक्यात येतील. इमल्शन पॉलिमरायझेशन म्हणजे मोनोमर, म्हणजे सुटे छोटे रेणू, साबणाच्या मदतीने पाण्यात जोडून लांब साखळ्यांचे बारीक कण बनवणे. त्या कणांचे दूध म्हणजे इमल्शन किंवा लेटेक्स. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मी उत्तरे तिच्यातूनच निघतात: कण किती मोठे होणार हे बॅचच्या पहिल्या काही मिनिटांत ठरते, रेणुभार मात्र शेवटचा थेंब पडेपर्यंत ठरत राहतो.

मोठा कण म्हणजेच मोठा रेणू ना?

नाही. शेवेचा लाडू आठवा. लाडू केवढा वळला हा कणाचा आकार, आणि आतली शेव किती लांब राहिली हा रेणुभार. छोट्या लाडवात लांब शेव असू शकते आणि मोठ्या लाडवात नुसता चुरा. आकड्यांत सांगायचे तर १०० नॅनोमीटर व्यासाच्या एका अ‍ॅक्रिलिक कणात साडेतीन लाख रेणुभाराच्या साधारण १,००० साखळ्या मावतात. व्यास २०० झाला की त्याच लांबीच्या ८,००० साखळ्या.

दोन्हींवर परिणाम करणाऱ्या काही गोष्टी समाईक आहेत, गोंधळ तिथूनच होतो. इनिशिएटर, म्हणजे साखळ्या सुरू करणारे रसायन, वाढवला की दोन्ही हलतात, तापमान बदलले की दोन्ही हलतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सगळ्यांना माहीत असते आणि डिस्पॅचची घाई असली की कोणीच पाळत नाही.

ग्राहकाला यातले नक्की काय जाणवते?

बारीक कण भिंतीच्या आणि लाकडाच्या छिद्रांत शिरतात, जास्त पिगमेंट धरून ठेवतात, चकाकी देतात. पण सॉलिड, म्हणजे पाणी उडाल्यावर उरणारा भाग, तेवढेच ठेवून कण बारीक केले की इमल्शन घट्ट होते, पंप कुरकुरतो. रेणुभार कळतो तो सुकलेल्या थरात: घासल्यावर टिकतो का, ताणल्यावर तुटतो का. चिकटपट्टीच्या गोंदात रेणुभार कमी पडला तर पट्टी पटकन चिकटते, पण उन्हात घसरते. जास्त झाला तर घसरत नाही, पण चिकटतही नाही.

कण जन्माला येतात तरी कधी आणि कुठे?

पाण्यात साबण, म्हणजे सर्फॅक्टंट, एका मर्यादेपलीकडे गेला की त्याचे रेणू गोळा होऊन मायसेल बनतात. सोडियम लॉरिल सल्फेटसाठी ही मर्यादा साध्या तापमानाला लिटरला साधारण २.३ ग्रॅम आहे. एका मायसेलमध्ये साठेक रेणू आणि तिचा व्यास जेमतेम ५ नॅनोमीटर. त्याच भांड्यात मोनोमरचे थेंबही तरंगत असतात आणि ते मायसेलच्या शेकडो पट मोठे असतात. इनिशिएटर पाण्यात फुटतो, त्यातून निघालेल्या रॅडिकलला, म्हणजे फार क्रियाशील तुकड्याला, दोन-चार मोनोमर चिकटतात आणि ते आसरा शोधू लागते. थेंब मोठे असले तरी संख्येने फार थोडे. मायसेल इतक्या असतात की त्यांचे एकूण पृष्ठफळ थेंबांपेक्षा खूप जास्त भरते. त्यामुळे रॅडिकल मायसेलमध्ये शिरते आणि तिथे कण जन्मतो. थेंब नुसते कोठार म्हणून उरतात. त्यांतला मोनोमर पाण्यातून झिरपत कणांकडे जातो.

हे चित्र हार्किन्सने १९४७ च्या सुमारास मांडले आणि १९४८ मध्ये स्मिथ आणि एवार्ट यांनी त्याला गणित दिले. शंभर-हजार मायसेलांतली एखादीच कण होते. बाकीच्या मोडतात आणि त्यांचा साबण वाढत्या कणांच्या अंगावर जातो. मायसेल संपल्या की जन्म थांबतात. हे सहसा मोनोमरचे रूपांतर १० ते १५ टक्क्यांवर पोचण्याच्या आतच होते. पुढे तासन्‌तास मोनोमर घालत राहिलात तरी कणांची संख्या तीच राहते, फक्त प्रत्येक कण फुगत जातो. तेवढ्याच मोनोमरचे वाटेकरी जास्त झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार, म्हणजे कण बारीक. आकार आवरायचा म्हणजे जन्मणाऱ्या कणांची संख्या आवरायची.

एक अपवाद लक्षात ठेवा. स्टायरीन पाण्यात लिटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास विरघळते, व्हिनाइल अ‍ॅसिटेट २० ग्रॅमच्या वर. असा पाणीप्रिय मोनोमर असला तर साखळी पाण्यातच वाढत जाते, एका लांबीला विरघळेनाशी होते आणि स्वतःवर गुंडाळून कण बनते. मायसेल नसली तरी चालते. त्यामुळे व्हिनाइल अ‍ॅसिटेटवर साबणाची पकड स्टायरीनइतकी घट्ट नसते.

साबण दुप्पट केला तर कण निम्मे होतील का?

हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारतोच. स्मिथ-एवार्टच्या गणितात कणांची संख्या साबणाच्या ०.६ घाताच्या आणि इनिशिएटरच्या ०.४ घाताच्या प्रमाणात वाढते. साबण दुप्पट केला तर संख्या दीडपट. पण व्यास संख्येच्या घनमुळाने घटतो, म्हणून तो मूळच्या ०.८७ पट राहतो. दुप्पट साबणाचा खर्च करून हाती आले ते १३ टक्के. इनिशिएटर दुप्पट केला तर जेमतेम ९ टक्के. आणि हे आकडे स्टायरीनसारख्या सरळ मोनोमरचे, बाकीचे मोनोमर याहूनही नाठाळ.

जास्तीचा साबण फुकट येत नाही. फेस होतो, आणि रंगाच्या थरात साबण राहिला की पहिल्या पावसात भिंतीवर ओघळ दिसतात. साबणाची मात्रा तेवढीच ठेवून तो कधी घालता हे बदलून पाहा. सुरुवातीच्या चार्जमध्ये किती आणि मोनोमरबरोबरच्या फीडमध्ये किती, या वाटणीने आकार जेवढा हलतो तेवढा एकूण मात्रेने हलत नाही. सुरुवातीचा साबण कण जन्माला घालतो, फीडमधला साबण फक्त त्यांना सांभाळतो.

सांभाळणेही कमी महत्त्वाचे नाही. १०० नॅनोमीटरचे कण असलेल्या १ ग्रॅम पॉलिमरचे पृष्ठफळ सुमारे ५७ चौरस मीटर भरते, म्हणजे ६०० चौरस फुटांच्या एका घराएवढे. एवढ्या जागेवर साबणाचे पांघरूण पुरले नाही की कण एकमेकांना चिकटतात, आणि फिल्टरच्या पिशवीत गाठी सापडतात.

अ‍ॅजिटेटर जोरात फिरवला तर कण बारीक होतील?

इमल्शनमध्ये जवळजवळ नाही. ढवळण्याने थेंब फुटतात, पण कण थेंबांतून बनत नाहीत हे वर आलेच. ढवळणे हवे ते उष्णता जॅकेटपर्यंत पोचावी आणि मोनोमर वर तवंगासारखा साचू नये म्हणून. अति जोराने ढवळले तर घर्षणाने कण आपटून गाठी होतात, आणि वरून हवा आत ओढली जाते. हवेतला ऑक्सिजन रॅडिकल गिळतो, म्हणजे आकार बारीक करायला गेलात आणि रिअ‍ॅक्शनच लांबवलीत.

सस्पेन्शन पॉलिमरायझेशनमध्ये मात्र प्रत्येक थेंबच पुढे मणी होतो, म्हणून तिथे ढवळणेच राजा. ते पुढे येईल.

सीड कशासाठी? ती भानगड टाळता येत नाही का?

येते, पण टाळू नका असे माझे मत आहे. कणांचा जन्म ही सगळ्या बॅचमधली सर्वांत लहरी पायरी. तापमान दोन अंश कमी, नायट्रोजन जरा कमी, मोनोमरमधला इन्हिबिटर, म्हणजे तो साठ्यातच जोडला जाऊ नये म्हणून घातलेले रसायन, जरा जास्त, एवढ्याने संख्या बदलते आणि ती चूक शेवटपर्यंत सोबत राहते. सीड म्हणजे ही पायरी आधीच, एकदाच, नीट उरकून ठेवणे. ३० ते ५० नॅनोमीटरचे बारीक लेटेक्स मोठ्या प्रमाणात बनवायचे, मोजायचे, साठवायचे आणि प्रत्येक बॅचमध्ये मापून घालायचे.

मी त्याला विरजण म्हणतो. तुलना तेवढ्यापुरतीच घ्या, कारण दह्यातले जिवाणू वाढतात, सीडचे कण वाढत नाहीत. घातले तेवढेच राहतात आणि फुगतात. म्हणून हिशेब सोपा आहे: अंतिम व्यास म्हणजे सीडचा व्यास गुणिले (एकूण पॉलिमर भागिले सीडमधले पॉलिमर) याचे घनमूळ. ५० नॅनोमीटरचे सीड एकूण पॉलिमरच्या १ टक्का घेतले तर शेवटी २३२ नॅनोमीटर. ३ टक्के घेतले तर १६१. शाळेतले घनमूळ नोकरीत उपयोगी पडल्याची एवढी एकच जागा मला आठवते.

सीडचे वजन घेताना त्याचे सॉलिड त्याच दिवशी तपासा. ड्रम उघडा राहिला असेल तर वरचे पाणी उडालेले असते.

आणि मुख्य म्हणजे फीडमधला साबण इतक्या घाईने घालू नका की पाण्यातला मोकळा साबण पुन्हा मायसेलची मर्यादा ओलांडेल. ओलांडली की नव्या कणांची दुसरी पिढी जन्मते आणि तुमच्या सीडचा हिशेब पाण्यात जातो. कधीकधी हे मुद्दाम करतात. मोठ्या कणांच्या फटींत लहान कण बसले की ६० टक्क्यांच्या वर सॉलिड असूनही इमल्शन ओतता येते. गव्हाच्या पोत्यात मोहरी ओतावी तसे. पण ते ठरवून केलेले असावे.

रेसिपी तीच, ऑपरेटर तोच. मग कण आज १३० नॅनोमीटर आणि उद्या १६० का?

पहिल्या अर्ध्या तासाचा लॉग काढा. इनिशिएटर पडला तेव्हा आतले तापमान किती होते? जॅकेटचे नव्हे, आतले. त्यानंतर उष्णता निघायला किती मिनिटे लागली? वेळ लांबला असेल तर ऑक्सिजन किंवा इन्हिबिटर आडवा आलेला असतो. परसल्फेटची, म्हणजे इनिशिएटरची, पिशवी दमट हवेत उघडी पडली होती का, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये? साबणाच्या नव्या लॉटमध्ये सक्रिय भाग किती टक्के आहे? २८ टक्क्यांचा लॉट संपून ३० चा सुरू झाला आणि वजन तेच ठेवले, असे घडते.

आणि पाणी. एका कारखान्यात एका उन्हाळ्यात सगळ्या बॅच जाड कणांच्या येऊ लागल्या, पिशवीत रोज मूठ-मूठ गाठी. तीन आठवडे आम्ही मोनोमरच्या पुरवठादाराशी भांडलो. शेवटी कळले की टँकरचे पाणी आल्यापासून डीएम प्लँटचे, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रणेचे, रेझिन लवकर थकत होते, पण रीजनरेशन मात्र जुन्याच वेळापत्रकाने चालू होते. पाण्यातले कॅल्शियम अ‍ॅनायनिक साबणाला धरत होते आणि कणांवरचा विद्युतभारही झाकत होते. दारातल्या कंडक्टिव्हिटी मीटरकडे तीन आठवड्यांत कोणी पाहिले नव्हते. त्या कोणीमध्ये मीही होतो.

आता रेणुभार. तो कशाने ठरतो?

साखळी वाढण्याचा वेग आणि ती संपण्याचा वेग, यांच्या शर्यतीने. संपण्याच्या दोन वाटा आहेत: दोन रॅडिकल भेटून एकमेकांना मारतात, किंवा वाढती साखळी आपले रॅडिकल दुसऱ्या रेणूला देऊन स्वतः थांबते. दुसऱ्या वाटेला चेन ट्रान्सफर म्हणतात.

सॉल्व्हंटमध्ये किंवा नुसत्या मोनोमरमध्ये रिअ‍ॅक्शन केली तर साखळीची लांबी मोनोमरच्या प्रमाणात वाढते आणि इनिशिएटरच्या वर्गमुळाने घटते. इनिशिएटर चौपट केला तर वेग दुप्पट, लांबी निम्मी. वेग हवा तर लांबी सोडा, हा तिथला सौदा.

इमल्शनमध्ये हा सौदा मोडतो, आणि त्यामुळेच हा उद्योग उभा आहे. प्रत्येक कण म्हणजे एक बंद खोली. आत एक रॅडिकल असते तोवर साखळी निवांत वाढते. दुसरे शिरले की दोघे लगेच संपतात आणि खोली रिकामी होते, तिसरे येईपर्यंत. आदर्श स्थितीत कोणत्याही क्षणी निम्म्या खोल्या भरलेल्या, निम्म्या रिकाम्या. १०० नॅनोमीटरच्या ५० टक्के सॉलिडच्या लिटरभर इमल्शनमध्ये असे १ वर १८ शून्ये इतके कण असतात, आणि वेगवेगळ्या खोल्यांतली रॅडिकल एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून वेगही मिळतो आणि लाखांतला रेणुभारही.

कण जास्त म्हणजे खोल्या जास्त, एका खोलीचे दार वाजण्याची वेळ लांबते, साखळी अजून लांब होते. बारीक कणांच्या बॅचमध्ये रेणुभारही चढलेला दिसला तर चकित होऊ नका.

रेणुभार एकच आकडा का नसतो?

सगळ्या साखळ्या सारख्या नसतात म्हणून. समजा दोनच साखळ्या आहेत, एक १ लाखाची आणि एक १० लाखांची. डोकी मोजून सरासरी काढली तर साडेपाच लाख, वजनाने काढली तर सुमारे ९.२ लाख. पहिल्या सरासरीवर लहान साखळ्यांचा पगडा, दुसरीवर लांब साखळ्यांचा. दोन्हींचे गुणोत्तर पसारा किती आहे ते सांगते. ग्राहक नुसते ‘रेणुभार किती?’ विचारतो तेव्हा आधी कोणती सरासरी ते विचारून घ्या.

तापमान वाढवले तर रेणुभार घटतो, बरोबर?

बहुतेक वेळा बरोबर. पोटॅशियम परसल्फेट निम्मे फुटायला ६० अंशांना दीड दिवसाच्या आसपास लागतो, ८० अंशांना दीड तासाच्या आसपास. रॅडिकलचा पाऊस वाढला की साखळ्या आखूड होतात, ट्रान्सफरही वाढतो. पण रेणुभार आवरायला तापमान हा हातोडा आहे. त्याने आकार, गाठी, उरलेला मोनोमर, सगळेच हलते. तापमान एकदा ठरवा आणि रेणुभारासाठी मर्कॅप्टनकडे, म्हणजे साखळी कापणाऱ्या गंधकयुक्त रसायनाकडे, वळा.

मर्कॅप्टन किती आणि कधी घालायचे?

डोडेसिल मर्कॅप्टनचे हायड्रोजन सहज सुटते. वाढती साखळी ते उचलते आणि थांबते, उरलेले गंधकाचे रॅडिकल नवी साखळी सुरू करते. वेग फारसा पडत नाही, लांबी मात्र कापली जाते. १९४३ मध्ये मेयोने याचे सरळ समीकरण दिले: साखळीच्या सरासरी लांबीचा व्यस्त हा मर्कॅप्टन आणि मोनोमर यांच्या गुणोत्तराबरोबर सरळ रेषेत वाढतो. तीन-चार बॅच करून स्वतःची रेषा काढा. पुस्तकातला स्थिरांक आपल्या मोनोमरच्या मिश्रणाला चपखल बसत नाही.

किती थोडे पुरते याचे जुने उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी कृत्रिम रबर. ब्यूटाडाइन ७५ भाग, स्टायरीन २५, पाणी १८०, साबण ५, पोटॅशियम परसल्फेट ०.३ आणि डोडेसिल मर्कॅप्टन ०.५, तापमान ५० अंश. त्या अर्ध्या भागाशिवाय रबर इतके चिवट निघाले असते की रोलवर दळता आले नसते.

‘कधी’ हा भाग लोक विसरतात. स्टायरीनमध्ये हे मर्कॅप्टन मोनोमरच्या कितीतरी पट वेगाने संपते. सगळे सुरुवातीला ओतले तर पहिल्या साखळ्या तुकडे-तुकडे आणि शेवटच्या बेफाम लांब. मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये ते जवळपास मोनोमरच्या चालीने संपते, तिथे सुरुवातीला घातले तरी चालते. प्री-इमल्शनमध्ये, म्हणजे मोनोमर, पाणी आणि साबण यांच्या आधीच घुसळलेल्या मिश्रणात, मिसळून मोनोमरबरोबर फीड करणे हे बहुतेक मिश्रणांसाठी सुरक्षित. फार लांब शेपटीचे मर्कॅप्टन पाण्यातून कणापर्यंत पोचायला आळस करते, हेही ध्यानात असू द्या.

वासाबद्दल: पिपेट सिंकमध्ये ठेवू नका. हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा. एका थेंबासाठी शेजारच्या कंपनीचे लोक ‘गॅस लीक आहे का’ म्हणून गेटवर आलेले मी पाहिले आहेत.

व्हिनाइल अ‍ॅसिटेटमध्ये तेच मर्कॅप्टन का वापरत नाहीत?

तिथे ट्रान्सफर इतका झपाट्याने होतो की ते सुरुवातीलाच संपून जाते. व्हिनाइल अ‍ॅसिटेटला तसाही मदतनीस फारसा लागत नाही, त्याचे रॅडिकल चंचल असते आणि मोनोमरलाही ट्रान्सफर देते. लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखा सौम्य एजंट.

इथे खरे लक्ष पीएचवर हवे. परसल्फेट फुटताना आम्ल तयार होते. पीएच बिघडला की व्हिनाइल अ‍ॅसिटेटचे जलविघटन होऊन अ‍ॅसिटाल्डिहाइड निघते, आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड स्वतःच साखळ्या कापते. म्हणजे न घातलेला ट्रान्सफर एजंट. बायकार्बोनेट किंवा सोडियम अ‍ॅसिटेटचा बफर रेसिपीत उगाच नसतो. ‘एवढ्याशा सोड्याने काय होते’ म्हणून तो वगळू नका.

फीड हळू करावे की भराभर?

हळू फीडमध्ये आलेला मोनोमर आला तसा संपतो. रिअ‍ॅक्टर ‘उपाशी’ असतो, कणात मोनोमर कमी, म्हणून साखळ्या आखूड आणि फांद्या जास्त. भराभर फीड केले तर मोनोमर साचतो, साखळ्या लांबतात आणि आत न जळलेला दारूगोळा जमा होतो. दोन मोनोमर वेगवेगळ्या वेगाने जोडले जाणारे असले तरी उपाशी फीडमध्ये ते फीडच्याच प्रमाणात साखळीत बसतात. कारखान्यात उपाशी फीडच चालते ते मुख्यतः यासाठी आणि सुरक्षिततेसाठी.

सुरक्षिततेचे सांगायचे तर १ किलो व्हिनाइल अ‍ॅसिटेट पॉलिमर होताना सुमारे १,००० किलोज्यूल उष्णता सोडते. थंड करणे बंद पडले आणि साचलेला मोनोमर एकदम पेटला, तर ५० टक्के सॉलिडची बॅच हिशेबाने १०० अंशांहून जास्त तापू शकते. वीज गेली की आधी फीड बंद, मग बाकीचे फोन.

लॅबमध्ये जमले, प्लँटमध्ये बिघडले. का?

भांडे मोठे होते तसे आकारमान घनाने वाढते आणि जॅकेटचे क्षेत्रफळ वर्गाने. लॅबच्या फ्लास्कमध्ये सुरुवातीची उष्णता पाण्याच्या बाथमध्ये विरून जाते, १० टनांच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तीच तापमान ६-७ अंशांनी वर नेते. जन्माच्या नेमक्या घटकेला तापमान वेगळे, म्हणून संख्या वेगळी. सीड वापरले असेल तर हा झटका बराच सौम्य होतो. रेणुभार सहसा फीडच्या वेळेमुळे बदलतो. लॅबमध्ये २ तासांत घातलेला मोनोमर प्लँटमध्ये थंड करण्याची ताकद नसल्याने ५ तास घेतो. लॅबमध्येही ५ तासच घेऊन पाहा, मगच रेसिपी वर पाठवा.

इमल्शनची व्हिस्कॉसिटी चढली म्हणजे रेणुभार चढला का?

नाही, नाही आणि नाही. साखळ्या कणांच्या आत कोंडलेल्या असतात, पाण्याला त्यांची लांबी कळत नाही. १० लाख रेणुभाराचे इमल्शनही ताकासारखे पातळ असू शकते. त्याची व्हिस्कॉसिटी कणांचा आकार, सॉलिड, साबण, पीएच आणि घातलेला थिकनर सांगतात. रेणुभार पाहायचा तर थर सुकवून, सॉल्व्हंटमध्ये विरघळवून त्या द्रावणाची व्हिस्कॉसिटी घ्या. फोर्ड कप इमल्शनमध्ये बुडवून रेणुभारावर भाष्य करणारे वरिष्ठही भेटतील. वाद घालू नका, दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवा.

मग मोजायचे कसे?

आकारासाठी डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून व्यास काढण्याची पद्धत. सॅम्पल भरपूर पातळ करा. लक्षात ठेवा, या बारीक कणांत विखुरलेला प्रकाश व्यासाच्या जवळपास सहाव्या घाताने वाढतो. २०० नॅनोमीटरचा एक कण १०० च्या ६४ कणांइतका चमकतो. चार गाठी असल्या तरी सरासरी चढलेली दिसते.

यंत्राआधी डोळे वापरा. १०० नॅनोमीटरच्या खालचे इमल्शन काचेच्या कडेने निळसर दिसते, मोठ्या कणांचे दुधासारखे ठार पांढरे. आमचे एक ऑपरेटर काका सॅम्पलची बाटली दिव्यासमोर धरून म्हणायचे, “साहेब, आज निळाई नाही.” लॅबचा रिपोर्ट तासाभराने यायचा आणि तेच सांगायचा.

रेणुभारासाठी जीपीसी, म्हणजे विरघळलेल्या साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी चाचणी. त्यातले आकडे सहसा पॉलिस्टायरीनच्या तुलनेत असतात, निरपेक्ष नसतात. आणि एक सापळा: ब्यूटाइल अ‍ॅक्रिलेट जास्त असलेल्या पॉलिमरला फांद्या फुटून जाळे, म्हणजे जेल, होते. ते सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही आणि इंजेक्शनआधीच्या फिल्टरवर अडकते. जीपीसी उरलेल्या आखूड साखळ्याच पाहते. जेल वाढले की रिपोर्टमध्ये रेणुभार ‘घटलेला’ दिसतो. जेलचे प्रमाण वेगळे काढल्याशिवाय अशा रिपोर्टवर निर्णय घेऊ नका.

पीव्हीसीत आणि मण्यांच्या पॉलिमरमध्ये हेच नियम चालतात का?

जवळजवळ उलटे. सस्पेन्शनमध्ये इनिशिएटर मोनोमरच्या थेंबात विरघळलेला असतो, थेंबच घट्ट होऊन दाणा बनतो. आकार ठरतो अ‍ॅजिटेटरच्या वेगाने, पात्यांच्या रचनेने आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या संरक्षकाने. मधल्या चिकट टप्प्यात अ‍ॅजिटेटर थांबला तर सगळ्याचा एकच दगड होतो.

पीव्हीसीत रेणुभाराचा कारभार तापमानाकडे. तिथे साखळी मुख्यतः मोनोमरलाच ट्रान्सफर देऊन थांबते, म्हणून इनिशिएटर कमी-जास्त केल्याने फरक नगण्य. ५० ते ७० अंशांच्या पट्ट्यात जेवढे वर जाल तेवढे के-मूल्य, म्हणजे पीव्हीसीचा रेणुभार दाखवणारा व्यवहारातला आकडा, खाली. वर तापमानाला हातोडा म्हणालो, पीव्हीसीवाल्यांची तीच छिन्नी.

आणि पॉलिप्रॉपिलिन?

तिथे रेणुभार हायड्रोजन वायू ठरवतो. जास्त हायड्रोजन, आखूड साखळी, वितळल्यावर पातळ. दाण्याचा आकार उत्प्रेरकाचा कण ठरवतो. गोल उत्प्रेरक, गोल दाणा, फक्त कितीतरी पट मोठा. आपल्याकडे नागोठण्याच्या बाजूला पॉलिओलेफिनमध्ये काम केलेला कोणी भेटला तर त्याच्याकडून हे ऐका, मी बाहेरूनच पाहिले आहे.

राफ्ट वगैरे ‘लिव्हिंग’ पद्धतींनी रेणुभार नेमका मिळतो म्हणतात. आपण का वापरत नाही?

मिळतो. १९५६ मध्ये श्वार्झने संपण्याची वाटच नसलेली साखळी दाखवली. तिथे लांबी म्हणजे मोनोमर भागिले इनिशिएटर, इतके सरळ. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९९८ मध्ये मांडलेली राफ्ट पद्धत पाण्यातही चालते. पण एजंट महाग, त्याला रंग आणि वास, आणि भिंतीच्या रंगाला एवढी काटेकोर साखळी लागत नाही. औषधे आणि खास कोटिंगमध्ये तिचे मोल आहे.

सगळे कण अगदी एकसारखे करता येतात का?

जन्म थोड्या वेळात उरकला आणि पुढे नवे जन्म होऊ दिले नाहीत, तर बरेच सारखे येतात. मोठे आणि सारखे मात्र अवघड, कारण काही मायक्रॉनचे कण तरंगतात किंवा बसतात, आणि त्यांना हलते ठेवायला ढवळले की चिकटतात. यावर अमेरिकेतल्या व्हँडरहॉफ आणि एल-आसर यांनी रिअ‍ॅक्टर थेट अंतराळात पाठवला. १९८२ पासून स्पेस शटलमध्ये पॉलिस्टायरीनचे मणी वाढवले, आणि त्यांतले १० मायक्रॉनचे मणी १९८५ मध्ये सूक्ष्ममापनासाठी प्रमाण म्हणून विकायला आले. अंतराळात बनलेला, विक्रीला आलेला तो पहिला माल. नॉर्वेतल्या उगेलस्टाडने त्याच सुमारास कणांना टप्प्याटप्प्याने फुगवून असे मणी जमिनीवरच बनवले, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

बॅच संपल्यावर आकार किंवा रेणुभार दुरुस्त करता येतो का?

रेणुभार नाही. शेवटी उरलेला मोनोमर संपवायला टी-ब्यूटाइल हायड्रोपेरॉक्साइड आणि रोंगालाइट घालतो, त्याने वास जातो, साखळ्यांची सरासरी हलत नाही. आकारही कमी करता येत नाही, वाढवता येतो. बारीक निघालेली बॅच दुसऱ्या बॅचचे सीड होऊ शकते, मोनोमर तोच असेल तर. जाड निघालेली बॅच चांगल्या मालात थोडी-थोडी मिसळून खपवतात, ग्राहकाच्या मर्यादेत बसत असेल तेवढीच. तोवर ड्रम सावलीत ठेवा, आणि झाकणावर बॅच नंबरसोबत मोजलेला व्यासही लिहा. सहा महिन्यांनी ड्रमजवळ उभे राहिल्यावर तो कोणालाच आठवत नाही.